कापडावाचून धावलेली मशीन

मित्रांनो, मी एक जुनी पायमशीन आहे. स्वभावाने जरा संशयी आहे, हे आधीच सांगून ठेवते. कारखान्यातून निघाले तेव्हा काळीकुळकुळीत होते. आता रंग उडाला, पण कान शाबूत आहेत.

माझी मालकीण शिंपीणबाई. मला तेल घातल्याशिवाय ती स्वतः चहा घेत नसे. तिचा टाका पाहून लोक तोंडभरून कौतुक करत. मग परक्या फौजेने गाव ताब्यात घेतले आणि सैनिक आपले फाटके गणवेश आमच्याच दुकानात आणून टाकू लागले. नाही म्हणायची सोय नव्हती. जुनी गिऱ्हाइके मात्र तुटली. समोरच्या इस्त्रीवाल्या काकू तर भेटेल त्याला सांगत, "दिवसभर मशीन चालू असते त्यांच्यासाठी. बातम्याही पुरवत असेल, कुणी सांगावं!"

खरे सांगते, संशय मलाही येत होता. बाई मधूनच मला खाली कापड नसताना दामटायची. कुठलाही शिंपी असे करत नाही, त्याने कापड पुढे सरकवणारे दाते झिजतात. तेलाची आठवण नाही. पट्ट्याला चीर गेली, तरी तिने ढुंकून पाहिले नाही. मला फार वाईट वाटे. मग एकदा ध्यानात आले, पोटमाळ्यावर खोकला उठला की मी धावते! वर तिचा धाकटा भाऊ लपला होता. फौज त्याच्या मागावर होती.

एके दुपारी एक सैनिक विजार न्यायला आला. काकूही फाटका अभ्रा घेऊन बसल्या होत्या. शिवणे हे निमित्त, खरे काम पाळतीचे. तेवढ्यात वर भाऊ खोकला. बाईने पाय दाबला आणि माझा पट्टा फट्कन तुटला. मी गप्प. वर पुन्हा खोकला.

"कोण आहे वर?" सैनिकाने विचारले.

काकूंनी एकदा माझ्या सुईखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिले, एकदा बाईच्या तोंडाकडे. मग अभ्रा तोंडाला लावून अशा खोकू लागल्या, की डोळ्यांत पाणी आले.

"वर कोण असणार? मीच मेली मघापासून खोकतेय, आवाज घुमतो इथे. जवळ नका येऊ हं, घरात सगळ्यांना लागलाय माझा."

सैनिक नाक दाबून विजारीसकट बाहेर पडला.

मित्रांनो, मशीनला वेळेवर तेल घाला, पट्टा चिरला तर लगेच बदला. आणि शेजारच्या घरातून वेळीअवेळी आवाज आला, तर गावभर सांगण्याआधी एकदा आत जाऊन बसा. नवा पट्टा मिळेपर्यंत काकू रोज येऊन बसल्या आणि वरच्याच्या जोडीने खोकल्या. त्यांचा अभ्रा मात्र कधीच शिवून झाला नाही.