बॅटरीचं पाणी

वंदना शेडकडं धावली तेव्हा भुजंग दोन्ही डोळे मुठींनी दाबून जमिनीवर बसला होता. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीवर त्याच्या हातातला पाना निसटला होता, ठिणगी उडाली होती आणि झाकण फुटून आतलं सगळं तोंडावर आलं होतं.

“पाणी आण, जल्दी!”

वडीगोद्रीच्या फाट्यावर भुजंगचं वेल्डिंगचं दुकान होतं. मोसंबी वाहायला बिनपेट्रोलची तीनचाकी स्वतःच बनवायची, या खुळानं नवऱ्याला पार झपाटलं होतं. भंगारातल्या बॅटऱ्या आणायच्या आणि त्यांत ॲसिड भरायचं. ॲसिड हा शब्द मात्र त्याच्या तोंडी कधी आला नाही. त्या धंद्यात सगळे त्याला पाणीच म्हणतात. रोज सकाळपासून तो ‘पाणी आण’ म्हणायचा आणि वंदना मोठ्या हौसेनं पांढरा कॅन नेऊन द्यायची.

आताही तिनं तोच कॅन उचलला. बिचारीला विचार करायला उसंत कुठं होती? ओंजळ भरून तिनं त्याच्या डोळ्यांवर मारली. तो आणखी जोरानं विव्हळला. तिचा तळहात चुरचुरला, मग आग आग व्हायला लागली, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. कॅन फेकून तिनं हौदातलं पाणी बादल्यांनी त्याच्या तोंडावर ओतलं, हात गळून जाईपर्यंत ओतलं.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याची आशा धरू नका, डाव्याचं पट्टी काढल्यावर बघू. लगेच पाणी घातलंत हे फार चांगलं केलंत, असंही म्हणाले. वंदना सांगायला गेली, आणि नुसतीच मान हलवून बसली.

मग भुजंगचा थोरला भाऊ भागवत भेटायला आला.

“ही होती म्हणून निभावलं, दादा,” भुजंग त्याला म्हणाला. “जल्दी पाणी टाकलं हिनं. न्हाईतर दोन्ही डोळे गेल्ते.”

भागवतनं तिच्यापुढं हात जोडले. तिला जीव नकोसा झाला. सांगावं तर कोणत्या तोंडानं, आणि न सांगता त्याच्याजवळ बसावं तरी कसं? भाजलेला तळहात तिनं पदरात गुंडाळून घेतला.

भागवत गेल्यावर भुजंगनं पाणी मागितलं. तिनं नव्या बाटलीचं सील तोडून पेला भरला. त्याच्या ओठांपर्यंत नेला, तसाच मागं घेतला आणि आधी स्वतः एक घोट प्यायली.

त्याला तो आवाज ऐकू आला. डोळ्यांवरच्या पट्टीखाली ओठ जरासे हसले.

“माझ्या आधी तूच पिऊन राह्यली का?”

“तहान लागल्ती,” वंदना म्हणाली.