राबात गेलेले कोश

ते साल २०१७. मी सत्तरीला टेकले होते आणि झाडावर चढणं होत नव्हतं. त्यामुळे राबासाठी फांद्या तोडायचं काम माझा दीर भिमाजी करायचा. वाळल्या फांद्या खाचरात जाळल्या की त्या राखेवर भाताची रोपं जोमानं येतात. कोणती झाडं तोडायची ते मी ठरवायची आणि त्यांना जुन्या लुगड्याची चिंधी बांधून यायची. चिंधी दिसली की भिमाजी कोयता चालवायचा. आमच्या घरात हे असंच चालत आलेलं.

त्या वर्षी नारायणगावची अश्विनी आहुप्यात आमच्याकडे राहायला होती. काळ्या पंखांवर निळा पट्टा असलेल्या मोठ्या पाकोळीचा, म्हणजे फुलपाखराचा, अभ्यास करायची. रानातल्या माकडलिंबाच्या काटेरी झुडपांवर तिनं बेचाळीस कोश शोधले होते. पाऊस लागला की त्यातून पाकोळ्या कधी निघतात, ते तिला टिपायचं होतं. तिची पदवी तेवढ्यावर अडली होती.

होळीनंतर ती परीक्षेला निघाली.

"आजी, खुणेला काही द्या ना. नाहीतर झुडपं सापडायची नाहीत मला."

त्या दिवशी तळेघरहून येताना माझी एसटी चुकली होती, निम्मी वाट पायी आले होते. तिच्यापुढं जुनं लुगडं टाकलं आणि आडवी झाले. तिनं त्याच्या चिंध्या झुडपांना बांधल्या, पण भिमाजीला ते सांगायचं राहूनच गेलं.

वैशाखात ती परत आली तेव्हा खाचरात नुसती राख होती.

"वयनी, औंदा लई काटेरी झाडं दावली तुमी," भिमाजी हात दाखवत म्हणाला. "कुठला दावा काढताय माज्यावर?"

अश्विनीनं त्याचे ओरखडलेले हात बघितले, मग राख बघितली.

"माकडलिंबं तुम्ही तोडलीत, बाबा?"

"चिंधी व्हती की."

"त्याचा दोष न्हाई, पोरी," मी म्हणाले. "मीच बोलले न्हाई त्याला."

ती बांधावर बसली. भिमाजीला हळूहळू उमगलं.

"दुसरे गावतील की रानात."

"पुढच्या वर्षी. घरचे तोवर थांबायचे नाहीत, बाबा."

नाहीच थांबले. त्याच वर्षी मार्गशीर्षात तिचं लग्न झालं. आता ती चाकणला एका कंपनीच्या ऑफिसात असते. भिमाजी तीन वर्षांनी गेला. जाईपर्यंत माकडलिंबाला त्यानं कोयता लावला नाही. खाचर आता पुतण्या सुनील बघतो, राब न जाळता, खताच्या गोणीवर. मी आहे अजून. रानात उरलेल्या माकडलिंबांवर पाकोळ्या निघाल्याची तारीख दोन वर्षं मी अश्विनीला फोनवर कळवली. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, "आजी, राहू द्या आता." मग मीही बघायचं सोडलं.