तीन मिनिटांची घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. दारावरची नव्हे आणि शाळेतली तर मुळीच नव्हे, नाहीतर मला पाहून तुम्ही पळालाच असता. मी टेबलावर बसणारी, डोक्यावर टपली मारली की ‘टिंग’ म्हणणारी. सध्या माझा मुक्काम वाचनालयाच्या कपाटात, अगदी तळच्या खणात आहे. शेजारी शाई वाळलेल्या दौती आहेत. मला कुणी विचारत नाही. विचारावं असं मी काही केलेलंही नाही.

मला घडवणारा ओतारी हाताचा पक्का होता. त्याने मला तीनदा वितळवलं, तेव्हा कुठे मनासारखा आवाज निघाला. तिथून मी या वाचनालयाच्या टेबलावर आले. शिपाईदादांना बोलावणं एवढंच माझं काम. दादांना कमी ऐकू यायचं, निदान कामाच्या वेळी तरी. त्यामुळे टपल्या पुष्कळ खाल्ल्या, पण ते दिवस सुखाचे होते.

आमच्या गावात मधोमध एक पूल आहे. अलीकडे जुने रहिवासी, पलीकडे कारखान्यासाठी बाहेरून येऊन वसलेले लोक. दोघांची भाषा वेगळी, गाणी वेगळी. तक्रार मात्र एकच: ‘ते’ आमच्याशी बोलत नाहीत. आमच्या ग्रंथपालबाईंनी ठरवलं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दोन्हीकडच्यांनी इथे यावं, आपापल्या भाषेत कविता वाचाव्यात, आणि दवाखान्यातल्या सिस्टरने, तिला दोन्ही भाषा येत, त्यांचा अर्थ समोरच्यांना सांगावा. सगळ्यांनी मिळून मागच्या भिंतीवर एक लांबलचक चित्रही रंगवायला घेतलं.

पहिल्याच रविवारी अलीकडच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी चाळीस मिनिटं घेतली. पहाटेवरची कविता होती, पण ऐकता ऐकता संध्याकाळ झाली. पलीकडच्यांना उरली बारा मिनिटं. मग काय, जुंपली.

“आम्हाला नुसतं टाळ्या वाजवायला बोलावलंय का?”

“तुमच्याकडे चाळीस मिनिटांचं आहे तरी का काही?”

बाईंनी कपाळाला हात लावला आणि मला पुढे ओढलं. कविता तीन मिनिटं, अर्थ तीन मिनिटं, की घंटी. टपली मारायचं काम घड्याळजीकाकांकडे गेलं. या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाला अर्धं मिनिट फुकट दिलेलं नव्हतं, म्हणून दोन्हीकडच्यांचा त्यांच्यावर विश्वास. “माणसाला वशिला चालेल, घंटीला नाही चालणार,” असं लोक म्हणू लागले. मी फुगले. मला वाटलं, हा सलोखा माझ्यामुळेच टिकलाय.

मी टेबलावर बसून माणसं मोजत असे. सुरुवातीला डावीकडच्या आणि उजवीकडच्या खुर्च्यांमधून हातगाडी गेली असती. आठव्या महिन्यात अलीकडची एक शिंपीण आणि पलीकडची एक सून शेजारी बसल्या. दोघींचं एका शिवणीवरून काहीतरी चाललं होतं, कवितेकडे लक्ष नव्हतं. पण बसल्या होत्या.

पलीकडच्या इस्त्रीवाल्या मावशी सुरुवातीपासून येत. त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी धुक्यात पुलावर सायकलवरून जाताना गाडीखाली गेला. गाडी अलीकडच्या बेकरीवाल्याची होती. चूक कुणाचीच नव्हती, असं चौकशीत ठरलं. तेव्हापासून बेकरीवाला मावशींना पाहिलं की रस्ता बदलायचा. इथे यायचा, पण शेवटच्या खुर्चीवर, दाराशी.

एका शुक्रवारी मावशी सिस्टरला घेऊन माझ्याशेजारी बसल्या. कविता त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केली होती. पहिल्या अर्ध्यात मुलगा होता: तुझी गाडी आली नि माझ्या घरातली हाक घेऊन गेली. दुसऱ्या अर्ध्यात बेकरीवाला होता. तू त्याला भट्टीपाशी हात शेकू द्यायचास, हे मला ठाऊक आहे. माझं दार लोटलेलं आहे, कडी नाही. ये.

“त्याला नीट सांगशील ना गं?” मावशींनी विचारलं. “मला त्याची भाषा येत नाही, नाहीतर मीच गेले असते.”

“अक्षर न् अक्षर सांगेन, मावशी.”

रविवारी मावशींनी कविता अडीच मिनिटांत संपवली. सिस्टर अर्थ सांगायला उभी राहिली आणि घरातल्या हाकेपाशी तिचा गळा दाटला. पाणी प्यायली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. गाडी आली, हाक गेली, एवढं सांगून झालं आणि काकांनी टपली मारली.

मी ‘टिंग’ म्हणाले. स्वच्छ, खणखणीत.

“अजून अर्धी आहे!” सिस्टर म्हणाली.

“मागच्या खेपेला आमच्या सरांना शेवटच्या ओळीवर बसवलंत,” अलीकडून आवाज आला. “नियम तो नियम.”

पलीकडचा, कारखान्यात अलीकडची भाषा शिकलेला मुकादमही उठला आणि त्याच भाषेत म्हणाला, “बस तू, सिस्टर. आम्हाला सवलत नको. उद्या हेच आम्हाला ऐकवतील.”

आठ महिन्यांत दोन्ही बाजूंचं पहिल्यांदाच एकमत झालं. ते माझ्यावर. काकांनी पुढचं नाव पुकारलं.

दाराशी खुर्ची सरकली. बेकरीवाला उठला होता, चेहरा पिठासारखा पांढरा. त्याच्या मागून त्याचा भाऊ उठला, मग अलीकडची आणखी अकरा माणसं. “कवितेच्या नावाखाली खुनी ठरवायला बोलावलं होतं,” भाऊ बाहेर जाताना म्हणाला. मावशी दाराकडे पाहत राहिल्या.

पुढचं सिस्टरने बाईंना सांगितलं तेव्हा मी ऐकलं: दुसऱ्या दिवशी ती पूर्ण अर्थ कागदावर लिहून बेकरीवर गेली. दुकान बंद होतं. भाऊ फळीमागून म्हणाला, “गेला तो गाव सोडून. कुठे ते विचारू नका. ऐकलंय त्याने तुमचं, पुरे झालं.” तिने कागद पुढे केला. त्याने तो न वाचता चुलीत घातला.

पुढच्या महिन्यात नऊ माणसं आली, त्यापुढच्या महिन्यात चार. शिंपीण एकदा आली, शेजारची खुर्ची रिकामी पाहून गेली. भिंतीवरचं चित्र अर्ध्यावर राहिलं. वाचनालयाने त्याला चुना फासला. मला खणात टाकलं, आणि बरं केलं.

मावशी अजून कधीतरी येतात. सिस्टरने त्यांना घंटीचं दोनदा समजावलं. त्या मान हलवतात आणि म्हणतात, “असू दे गं. सगळं ऐकलं त्याने, तरी उठून गेला. आता काय करायचं?” सिस्टर त्यांच्या समजुतीसाठी खोटं बोलतेय, असंच त्यांना वाटतं.

मित्रांनो, वस्तू नीट पुसा, कोरड्या जागी ठेवा, असं माझे जातभाई तुम्हाला सांगत असतील. माझं तसं काही मागणं नाही. मी काळवंडले तर काळवंडू द्या. पण कधी कुठल्या गावी एखादा बेकरीवाला दाराजवळची खुर्ची धरून बसलेला दिसला, तर त्याला उरलेलं अर्धं सांगा. अर्ध्यावर तुमचाही गळा दाटला तर थांबा, पाणी प्या, हवा तेवढा वेळ घ्या. मला ते सांगता येणार नाही. मला एकच शब्द येतो, आणि त्याचा अर्थ दोन्ही भाषांत ‘पुरे’ असाच होतो.