फिलेनाबाईंची सांडशी

ऑरिन टटल वकिलांच्या वॉशिंग्टनच्या घरात पाहुण्याला बसायला खुर्ची मिळत नसे. शोध लावणाऱ्यांना पेटंट मिळवून देणं हा त्यांचा धंदा. प्रत्येक शोधाचा वीतभर नमुना पेटंट कचेरीत द्यावा लागे आणि तो आधी त्यांच्या घरी येई, त्यामुळे खुर्च्यांवर चिमुकली मळणीयंत्रं आणि पियानोवर पाणचक्क्या.

"लग्न झाल्यापासून लोकांच्या शोधांवरची धूळ झटकतेय," फिलेनाबाई एकदा म्हणाल्या. "एक पेटंट माझ्या नावाचं काढा की!"

भट्टीतलं तापलेलं ताट एका हाताने उचलायची लांब दांड्याची सांडशी त्यांनी बनवली होती. टटलसाहेबांनी हौसेने कागद तयार केले. आता येत्या सोमवारी बाईंनी कचेरीत 'हा शोध माझाच' अशी शपथ घेतली की झालं.

आदल्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये जेवण होतं. टटलसाहेब स्वयंपाकघरात डोकावले, तर बायकोच्या मैत्रिणीच्या, हल्डाबाईंच्या, हातात तीच सांडशी!

"ही कुठून आणलीत?"

"अहो, तुमच्याच बायकोने दिली! तीन नाताळ झाले. आम्हा सगळ्याजणींकडे आहे."

हल्डाबाई वाढायला बाहेर गेल्यावर टटलसाहेबांनी भट्टीपाशी उभ्या असलेल्या बायकोला सांगितलं, "दोन वर्षांहून जास्त लोकांच्या वापरात असलेल्या वस्तूला पेटंट मिळत नाही."

फिलेनाबाईंचा चेहरा पडला. "हे प्रत्येक अशिलाला आधी विचारता ना? मला का नाही विचारलंत?"

"वाटलं, आपल्या घरातलंच तर आहे..."

"त्याच सांडशीने काढलेला केक रोज खात होतात!"

टटलसाहेब सांडशी उचलून स्वतःच भट्टीतला केक काढायला गेले. ताट कललं, केक जमिनीवर आणि अंगठा चांगलाच भाजला.

"डावीकडे कलतं ते," त्यांचा अंगठा पाण्यात बुडवत बाई हसल्या. "आम्ही बायका सांभाळून घेतो. थांबा." त्यांनी कुठलीशी तार घेतली, वाकवली आणि सांडशीच्या तोंडाशी एक आकडा बसवला. भट्टीतल्या दुसऱ्या ताटाची कड त्यात घट्ट अडकली.

टटलसाहेब बघतच राहिले. "हे कुणाला दाखवलंयस?"

"आत्ता तर सुचलं!"

"मग या सुधारणेचं पेटंट मागता येईल! उद्याच. कागद रात्रीत नवे करतो."

इतक्यात दार उघडलं. "काय गं फिलेना, नवीन काही केलंस वाटतं?" हल्डाबाईंनी मान लांब केली.

"छे छे, काही नाही!" म्हणत टटलसाहेबांनी सांडशी बाकावर ठेवली आणि पटकन तिच्यावर बसले. ती अजून गार झाली नव्हती. पण हल्डाबाई जाईपर्यंत त्यांनी हूं की चूं केलं नाही.