अर्धा भरलेला कलश

मोरिहिकोने काउंटरवर बोचकं ठेवलं आणि कापडाची गाठ सोडली. आतून वीतभर रुंद पांढरा कलश निघाला, अंगावर जांभळ्या फुलांचे घोस रंगवलेला. स्टेशनवरून परस्पर या अस्थिकलशांच्या दुकानात आलेली त्याची मुलगी चिकाको झटकन पुढे होऊन, इतर गिऱ्हाइकांना तो दिसू नये अशी आड उभी राहिली.

"बाबा, आईला घेऊन आलात? बसमधून?"

"मग? माप नको घ्यायला?"

"माप आणलंय मी. माझ्या घरातल्या फळीचं."

"फळीचं माप वेगळं, माणसाचं वेगळं."

दुकानाची मालकीण साठीची होती आणि तोंडाने मोकळी. तिने आधी कलशाला हात जोडले, मग तो दोन्ही हातांनी उचलला. आत खडखड वाजलं.

"अगंबाई, केवढा हा! काका, तुम्ही इकडचे नव्हेत."

"सत्तेचाळीस वर्षं ओसाकात काढली."

"तरी नव्हेतच."

बाईचं खरं होतं. मोरिहिको पूर्वेकडचा, चिबाच्या किनाऱ्यावरचा. तिकडे अस्थी वेचताना शेवटचा कणसुद्धा झाडून कलशात भरतात, म्हणून कलशही मोठे. बायको, सातोए, गेली त्या दिवशी त्याने काही न विचारता तसाच, आणि त्यातला सगळ्यात देखणा, मागवला होता. मग दहनगृहात चिकाको आणि तो समोरासमोर उभे राहून काड्यांनी एकेक हाड उचलू लागले. पाय, कंबर, हात, शेवटी गळ्यातलं ते बसलेल्या बुद्धासारखं हाड आणि त्यावर कवटीचा तुकडा. कलश अर्धासुद्धा झाला नव्हता, तोच तिथल्या माणसाने काड्या खाली ठेवून वाकून नमस्कार केला.

"आणि बाकीचं?" मोरिहिकोने विचारलं होतं.

"बाकीचं आम्ही बघतो," तो म्हणाला होता.

इकडे हीच रीत. थोडं न्यायचं, उरलेलं तिथेच सोडायचं. सासू-सासरे गेले तेव्हा मोरिहिको मालवाहू बोटीच्या इंजिनघरात होता, त्यामुळे ही रीत त्याने कधी पाहिलीच नव्हती. भांडायला हवं होतं, निदान थांबा म्हणायला हवं होतं. तो मात्र उलटा नमस्कार करून बाहेर पडला. अर्ध्याहून जास्त बायको ट्रेमध्ये सोडून आलो, हे त्याला आता रोज भात वाढून घेताना आठवायचं. कलश जरा हलवला की आत हाडं आपटायची आणि त्याची मान खाली जायची.

"हा तुमच्या फळीवर बसायचा नाही," बाई चिकाकोला म्हणाली. "लहान दाखवते. हल्ली सगळ्यांची घरं लहान, वर दिवाणखान्यात शोभायला पण हवं."

तिने काचेच्या कपाटातून पाच-सहा काढून मांडले. एक पितळी, डाळिंबाएवढा. एक काचेचा, धुरकट निळा. एक तर मिठाच्या बरणीसारखा दिसत होता आणि तो चिकाकोनेच हसून बाजूला सारला. हसल्याबद्दल तिला लगेच वाईटही वाटलं.

"बाबा, हा निळा बघा. आईला आवडला असता."

"आवडला असता. पण मावेल का ती?"

"मावेल की हो," बाई म्हणाली. "आम्ही बारीक करून देतो. अगदी हळू हाताने."

मोरिहिकोने कलश पोटाशी ओढून घेतला.

"आणखी बारीक करायचं नाही."

चिकाकोने सुस्कारा सोडला. शनिवारी सामान हलवणारे यायचे होते. मागच्या वर्षी बाबांना हृदयाचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनीच सांगितलं होतं, यांना एकटं ठेवू नका. तेव्हा आई होती. आता योकोहामाच्या घरातली लहान खोली तिने रिकामी केली होती, नवा पलंग घेतला होता, नवऱ्यालाही कसंबसं तयार केलं होतं. एवढं सगळं जुळून आल्यावर घोडं अडलं होतं ते एका कलशापाशी. ती मापाची चिठ्ठी घेऊन पलीकडच्या कपाटाकडे गेली.

बाई आता जरा हळू बोलली. "मनाला लावून घेऊ नका, काका. कलश काही वाईट नाही हा. तुमच्या तिकडे यात एक माणूस मावतो, आमच्याकडे दोन. माझे आई-बाप असेच आहेत, एकाच कलशात. आयुष्यभर भांडले, आता बसलेत एकमेकांच्या मांडीवर."

मोरिहिको हसला नाही. त्याने झाकण बोटभर उचलून आत पाहिलं, बराच वेळ.

"वरून बसतात? झाकण लागतं?"

"अलगद लागतं. दोघांचंही दहन इकडेच झालं असलं की."

"आणि एक जण योकोहामाला गेला तर?"

"तिथे गेला तर तिथली, पूर्वेकडची रीत. सगळाच्या सगळा हातात देतात. मग कुठलं बसायला! दुसरा कलश घ्यावा लागतो."

त्याने मान डोलावली. झाकण लावलं, कापडाची टोकं वर घेतली आणि बोटीवर मारायचा तशी दुहेरी गाठ मारली. चिकाको हातात फिकट हिरवा, चांगला बसका कलश घेऊन परत आली, तेव्हा तो टोपी घालत होता.

"हा बघा, बारीक न करता मावेल. फळीवरही बसतोय."

"छान आहे. आईचं थोडं तुला हवं असेल तर घे त्यात. मोठा इथेच, माझ्यापाशी राहू दे." मग तो म्हणाला, "त्या सामानवाल्यांना नको म्हणून कळव. मी येत नाही."

"म्हणजे? आत्ता काय झालं एवढ्यात?"

त्याने टोपी कपाळावर ओढली. चिकाकोने बाईकडे पाहिलं. बाईने नजर चुकवली आणि निळा कलश पुसायला घेतला, तेव्हा मात्र चिकाकोला त्या मोठ्या कलशातली रिकामी जागा आठवली आणि सगळं कळलं. ती त्याच्या वाटेत उभी राहिली.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले विसरलात का? घरात एकटे असताना काही झालं तर?"

मोरिहिकोने बोचकं उचलून छातीशी धरलं.

"झालं तर इथे होईल," तो म्हणाला.