इंजिन नसलेली गाडी

“तिजोरीला तीन दारं आहेत,” उस्ताद म्हणाला आणि तिथेच अडकला. टोळीतले चौघे माना वर करून बघत राहिले. कॅमेरा चालू होता.

बाहेर गाडीत बसलेल्या ड्रायव्हरने माइक तोंडाशी नेला. “पहिलं मी उघडतो.”

“पहिलं मी उघडतो,” उस्ताद भारदस्त आवाजात म्हणाला.

दरोड्यांची ही मालिका टीव्हीवर सहा वर्षं चालू होती. तेवढ्या काळात टोळीने एकशे बारा बँका लुटल्या होत्या, तरी कपडे तेच होते. ड्रायव्हरला गाडी चालवता येत नव्हती. त्यावाचून काही अडलंही नव्हतं, कारण गाडीला इंजिन नव्हतं. दिवे तेवढे लागायचे. पळून जायची वेळ आली की दोन कामगार मागून गाडी हलवायचे. त्याच्या वाट्याला वाक्य एकच: “बसा.” रिकामपणी त्याने सगळ्यांचीच वाक्यं पाठ करून टाकली होती.

पोलीस आले की ड्रायव्हरने कळवावं, म्हणून कथेत उस्तादच्या कानात इअरफोन असे. तो खोटा होता. वर्षभरापूर्वी उस्तादला वाक्यं आठवेनाशी झाली, तेव्हा ड्रायव्हरने पदरमोड करून खरा आणला. यावर दोघं कधी बोलले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत उस्ताद आपली खुर्ची त्याला द्यायचा आणि स्वतः खोक्यावर बसायचा, इतकंच.

त्या दिवशी ‘नीट बस, मान पडलीये’ एवढं सांगायला दिग्दर्शक गाडीपाशी आला आणि सगळं ऐकून बसला.

“सोमवारपासून तू उस्ताद,” तो म्हणाला.

“आणि ते?”

“त्यांना गोळी लागेल. शनिवारी.”

“कोण मारणार?”

“बँकेचा वॉचमन. त्याचंही मालिकेतलं काम संपतंय, जाता जाता एक बरा सीन मिळेल बिचाऱ्याला.”

घरी बायको म्हणाली, “घ्या की मग. सहा वर्षं गाडीत बसलात, मला कधी भाजी आणायला नेलं नाहीत.” मग हातातलं काम थांबवून तिने विचारलं, “म्हाताऱ्याला घरी कोण आहे?”

“कोणी नाही. आम्हीच.”

सकाळी तो दिग्दर्शकाकडे गेला. “गोळी नको. मी उस्ताद होतो, ते गाडीत बसतील.”

“जमेल त्यांना?”

“गाडीत बसायला काही लागत नाही. मला विचारा.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर मी गाडीतून उतरणार नाही.”

सहा वर्षांत त्याने घातलेली ही पहिलीच अट होती. तिला नाही कसं म्हणायचं याची दिग्दर्शकाला सवय नव्हती.

उस्तादला सांगायलाही ड्रायव्हरच गेला. उस्तादने ऐकून घेतलं, अंगातला काळा कोट काढला आणि त्याच्या हातात दिला. “बाह्या आखूड आहेत. हात मागे बांधून उभा राहा, कळत नाही. मी तेच करत आलो.”

सोमवारी ड्रायव्हर हात मागे बांधून टोळीसमोर उभा राहिला, आणि सगळ्यांची वाक्यं पाठ असलेल्या त्या माणसाला स्वतःचं पहिलंच वाक्य आठवेना. कानात खरखर झाली.

“वाक्य मलाही ठाऊक नाही,” गाडीतून उस्ताद म्हणाला. “घाई करू नकोस. एकेकाच्या तोंडाकडे बघ. तेही घाबरलेले असतात.”

त्याने बघितलं. कुलूपवाल्याच्या कपाळावर खरोखरच घाम होता. वाक्य आपसूक आलं.

संध्याकाळी पाचला काम आटोपलं. दिवे उतरले, बँकेच्या भिंती उचलून गोदामात गेल्या. गाडी तेवढी उरली. आत उस्ताद पट्टा लावून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता. उतरा म्हणून त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

ड्रायव्हरने मागचं दार उघडलं.

“सगळे आले?” उस्तादने विचारलं.

“आले.”

“बसा.”

दुपारी कॅमेऱ्यासमोर उस्तादला हे एवढं एक वाक्यही आठवलं नव्हतं. ड्रायव्हर आत बसला आणि त्याने दार ओढून घेतलं. उस्तादने आरशात पाहिलं, मागून कोणी येत नाही याची खात्री केली आणि उजवा इंडिकेटर दिला.