मागनं येणारा आवाज

२००७ साली घोडेगावात पारसशेठने आपल्या कापडदुकानाच्या माडीवर रेकॉर्डिंगचा स्टुडिओ काढला. मशिनवर बसायचा भरत; पिंपरी पेंढारचा, पुण्यात वर्षभर हे काम शिकून आलेला. दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, मधे नेटवर्कची वायर. गाणाऱ्याचा आवाज आतल्या कॉम्प्युटरवरून भरतच्या कॉम्प्युटरवर यायचा आणि त्याच वायरीने परत गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये जायचा.

पहिली सीडी हळदीच्या गाण्यांची ठरली. गायला निमगाव सावाच्या साळुबाई. साठी उलटलेली, पण पंचक्रोशीत कुणाकडंही लग्न असो, पहिलं बोलावणं त्यांना.

आदल्या दिवशी चाचणीत आवाजात टकटक आली. कारण शोधत बसण्यापेक्षा भरतने बफर वाढवला, म्हणजे कॉम्प्युटर आवाज जरा साठवून मग पुढं सोडेल. टकटक गेली. भरत खूश.

साळुबाई गायला लागल्या आणि दुसऱ्याच ओळीला ढोलकीच्या मागं पडल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच.

"भाऊ, माझाच आवाज मला मागनं ऐकू येतोय."

"मावशी, तुमी ढोलकीकडं ध्यान द्या. ताल सुटतोय तुमचा."

अकरा वेळा घेतलं. शेवटी पारसशेठ आत येऊन म्हणाला, "राहू द्या मावशी. वय झालं आता." साळुबाईंनी हेडफोन टेबलावर ठेवला आणि चहाही न घेता एसटी गाठली.

आठवड्याने पुण्याहून श्रेया आली. संगीत शिकलेली. साळुबाईंचं रेकॉर्डिंग ऐकून तिनं गाणी शब्दन् शब्द पाठ केली होती. पहिल्याच ओळीला ती थांबली. "आवाज उशिरा येतोय. सेटिंग बघा."

भरत ताडकन उठला. दहा मिनिटांत खोट सापडली. एका कॉम्प्युटरचं सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, चव्वेचाळीस हजार शंभरवर, दुसऱ्याचं अठ्ठेचाळीस हजारांवर. टकटक त्याचीच होती. दोन्ही सारखी केली, बफर खाली आणला. श्रेया भराभर गात सुटली. भरतचं मात्र गाण्यात लक्ष लागेना. साळुबाईंनी हेच सांगितलं होतं. तेव्हा तो खुर्चीतून हललासुद्धा नव्हता.

सीडी निघून महिना झाला तेव्हा कुठं त्याला निमगावला जायचा धीर झाला. साळुबाई अंगणात शेंगा तोडत होत्या.

"मावशी, चूक माझी व्हती. मशिनचं सेटिंग चुकलेलं. तुमचा ताल सुटला नव्हता."

"मंग मी त्या दिशी दुसरं काय सांगत व्हते?"

"पुन्हा या. नीट घेऊ."

"साळूचा ताल गेला, हे समद्या गावाला कळलंय. दोन लग्नं झाली, मला बोलावणं न्हाई. तुझी सीडी लावली." त्यांचे हात थांबले. "पोर बरी गाती. पण त्या मामाच्या गाण्यात चिमाजीचं नाव का घेती? तिथं ज्याच्या त्याच्या मामाचं नाव घालायचं असतंय. माझ्या तोंडात भावाचं आलं. वारला तो, दोन वर्षं झाली."

भरत उठला. घोडेगावला येऊन त्याने पारसशेठला सांगितलं.

"हजार सीड्या छापल्यात," शेठ म्हणाला. "नाव कोण ऐकतंय?"

त्या हंगामात जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी नवऱ्यामुलींना चिमाजीमामाच्या नावानं हळद लागली.